डोंगरी पिग्मी पॉसम : आहार

डोंगरी पिग्मी पॉसम हा बुर्रामायडी कुलातील उंदराएवढा शिशुधान (पोटावरील पिशवीत पिल्ले वाढविणारा) सस्तन प्राणी आहे. शास्त्रीय नाव *बुर्रामिस पार्व्हस*. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांच्या उंच पर्वतभागात, हिवाळ्यात बर्फाखाली जाणाऱ्या धोंडाळ उतारांवर तो राहतो. प्रौढाचे वजन सुमारे ४५ ग्रॅम. अमेरिकेतील ओपॉसमशी त्याची गल्लत होते. दोन्ही शिशुधान असले, तरी नाते दूरचे आहे. कीटक (त्यांतही बोगाँग पतंग), बिया व फळे हा त्याचा आहार. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरविले आहे.

या प्राण्याच्या आहाराची चर्चा तो जिवंत सापडण्यापूर्वीच, एका दातावरून सुरू झाली. जीवाश्मतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूम यांनी १८९५-९६ च्या सुमारास न्यू साउथ वेल्समधील वॉम्बियन गुहांतल्या जीवाश्मांवरून ही जाती वर्णन केली. तिच्या जबड्यात दाढांपुढची एक उपदाढ अवाजवी मोठी होती. तिच्या बाजूंवर उभ्या पन्हळी आणि कडेला करवतीसारखे दाते होते. अशीच उपदाढ लहान कांगारूवर्गीय पोटोरूंना व फार पूर्वी नष्ट झालेल्या काही आदिम सस्तन प्राण्यांनाही असल्याने, याचे नातेवाईक कोण, हा प्रश्न बरीच वर्षे रेंगाळला. प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. एल. राइड यांनी १९५६ मध्ये जीवाश्मांची फेरतपासणी करून त्याला पॉसमांच्या गटात बसविले आणि तेच मत टिकले. १९६६ मध्ये व्हिक्टोरियातील मौंट हॉथम येथे स्कीइंगला येणाऱ्यांच्या एका निवासात जिवंत प्राणी हाती लागला.

ही उपदाढ नेमकी कशासाठी, याविषयी दोन मते मांडता येतात. टणक कवचाचे कीटक कापण्यासाठी, हे एक; कठीण बिया फोडण्यासाठी, हे दुसरे. पाळलेला प्राणी बी पुढच्या पंज्यांत धरून तोंडाच्या बाजूला नेतो आणि या दाताने कवच चिरतो, हे पाहता दुसऱ्या मताकडे झुकावेसे वाटते, पण पहिले त्यामुळे बाद होत नाही. एवढे खरे की मऊ अंगाच्या पतंगांसाठी असा दात लागत नाही. क्वीन्सलंडमधील रिव्हर्सली येथील मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे) *बुर्रामिस* सखल वर्षावनात राहत होते, आणि त्यांची उपदाढ आजच्यापेक्षा फारशी वेगळी नाही. यावरून पतंगांवरचा भर हा या वंशाचा मूळ स्वभाव नसून पर्वतावरील वस्तीने नंतर आणलेला असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते.

आज मात्र तो भर मोठा आहे. बोगाँग पतंग (*ॲग्रोटिस इन्फ्यूजा*) वसंतात दूरच्या सखल मैदानांतून, काही तर सुमारे १,००० किमी. अंतर तोडून पर्वतावर येतात आणि उन्हाळाभर खडकांच्या गार फटींत एकमेकांना चिकटून निपचित राहतात. त्यांच्या अंगात चरबीचा भरपूर साठा असतो. पॉसम त्याच धोंड्यांच्या सांदीकोपऱ्यांत हिंडतो. पतंगाचे धड खातो, पंख टाकून देतो. माद्या पतंगांनी समृद्ध असे वरचे धोंडाळ प्रदेश व्यापतात, तर विणीचा काळ सरल्यावर नर बहुधा खालच्या उतारांवर जातात. मादीला वर्षातून एकदाच, साधारणतः चार पिल्ले होतात आणि त्यांच्या दुधाचा भार पतंगांवरच पडतो. शिवाय भुंगेरे, कोळी, अळ्या आणि गोमवर्गीय प्राणीही खाल्ले जातात.

उन्हाळ्याच्या अखेरीस पतंग निघून जातात. मग बिया व फळांची पाळी येते. त्यांत माउंटन प्लम पाइन (*पोडोकार्पस लॉरेन्साय*) हे धोंड्यांवर पसरणारे, अत्यंत सावकाश वाढणारे सूचिपर्णी झुडूप मुख्य. त्याचे बी लाल, मांसल देठावर बसलेले असते. या काळात शरीरात साठलेल्या चरबीवर प्राणी पाच ते सात महिन्यांची शीतनिष्क्रियता (हिवाळी निद्रा) काढतो. ती अखंड नसते. शरीराचे तापमान २° से. च्या आसपास उतरते, मधूनमधून प्राणी जागा होतो. बंदिवासातील प्राणी बिया साठवून ठेवतात.

मैदानांतील दुष्काळात २०१७-१८ पासून पर्वतावर येणाऱ्या पतंगांची संख्या एकाएकी घटली आणि अनेक माद्यांची पिशवीतली पिल्ले दगावली. २०२१ मध्ये बोगाँग पतंगालाही संकटग्रस्त ठरविण्यात आले. २०१९-२० च्या वणव्यांत प्लम पाइनची झुडपेही जळाली. तेव्हा कॉझिअस्को राष्ट्रीय उद्यानात पाणी व पतंगांच्या पोषणमूल्यांशी मिळतेजुळते खाद्य ठेवण्यात आले. या खाद्याला गमतीने ‘बोगाँग बिकी’, म्हणजे बोगाँग बिस्किटे, असे नाव मिळाले. दरम्यान न्यू साउथ वेल्समधील लिथगोजवळ, बर्फरेषेच्या पुष्कळ खाली, हे प्राणी वाढविण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला असून त्याचा आधार रिव्हर्सलीच्या सखल वर्षावनातील जीवाश्म व त्यांतील तीच उपदाढ आहे.