पदवीधरांची लष्करी वाट : टंचाईतून उघडलेले दार

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना सीडीएसचा, म्हणजे लष्करी अधिकारी होण्यासाठीच्या पदवीधरांच्या परीक्षेचा, अर्ज भरणाऱ्यांना ही वाट पहिल्यापासूनच मोकळी होती असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती दर वेळी अधिकारी कमी पडले म्हणून, किंवा मागणी टाळता येईनाशी झाली म्हणून, थोडीथोडी उघडत गेली.

१९१८ पूर्वी तीस वर्षे चाकरी केलेला सुभेदार-मेजरसुद्धा विलायतेहून नुकत्याच आलेल्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखालीच राही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भारतीयांना वर्षाला दहा जागा मिळाल्या, आणि १९३२ मध्ये चाळीस छात्रांच्या पहिल्या तुकडीनिशी देहरादूनची अकादमी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची गरज इतकी वाढली की घराणे आणि शिफारस पाहून माणसे निवडणे पुरेना. १९४३ पासून मानसशास्त्रीय कसोट्यांवर आधारलेली निवड मंडळे आली. आजची एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची चाचणी, त्याच घडणीची आहे: छातीवर क्रमांक लावलेला उमेदवार अर्धे मिनिट एक धूसर चित्र पाहतो आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहितो. महाविद्यालयातले गुण तिथे फारसे कामाला येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर भर शाळेतून येणाऱ्या मुलांवर राहिला. १९५५ मध्ये खडकवासल्यात स्थिरावलेली एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हा त्याचाच भाग. चित्र पालटले ते १९६२ च्या चीन युद्धाने. तातडीने अधिकारी घडवण्यासाठी १९६३ मध्ये मद्रास आणि पुणे येथे प्रशिक्षण शाळा निघाल्या. पुण्याची लवकरच मिटली, मद्रासची टिकली आणि १९८८ पासून ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी म्हणून ओळखली जाऊ लागली. युद्धाच्या निकडीत दिलेल्या कमिशनची, म्हणजे अधिकारीपदाच्या नेमणुकीची, जागा पुढे ठराविक मुदतीच्या अल्पसेवा कमिशनने घेतली, म्हणजे तात्पुरती सोयच कायमची झाली.

स्त्रियांना ही वाट १९९२ मध्ये खुली झाली, पण निवडक शाखांपुरती आणि अल्पसेवेपुरतीच. निवृत्तीपर्यंतच्या स्थायी कमिशनसाठी त्यांना न्यायालयात जावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णायक निकाल १७ फेब्रुवारी २०२० रोजी आला. नेमणूक देताना तत्पर असलेली यंत्रणा हक्क देताना इतकी मंद का, हा प्रश्न त्या निकालानंतरही उरतोच.

आज केंद्रीय लोकसेवा आयोगाची सीडीएस वर्षातून दोनदा होते. देहरादूनची निवड स्थायी कमिशनकडे नेते, चेन्नईची अल्पसेवेकडे. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांना विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेविना थेट एसएसबीला जाता येते, आणि मुलाखतीच्या तयारीसाठी राज्य शासनाचे नाशिकरोडचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. मात्र अर्ज भरण्यापूर्वी एक हिशेब मांडावा: अल्पसेवा दहा वर्षांची असते, वाढवली तर चौदा, आणि अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनाला साधारणपणे वीस वर्षे लागतात. पंचविशीत रुजू झालेल्याला पस्तिशी-चाळिशीत दुसरी नोकरी शोधावी लागते.