पौडी गढवाल: माणसं उतरत गेलेला जिल्हा

२०११च्या जनगणनेत उत्तराखंडातले दोन जिल्हे घटलेले निघाले, अल्मोडा आणि पौडी गढवाल. पौडीत २००१ साली ६,९७,०७८ माणसं होती, दहा वर्षांनी ६,८७,२७१. घट जेमतेम दहा हजारांची, म्हणजे दीड टक्क्याच्या आतली. पण या बेरजेत पायथ्याचं कोटद्वारही आहे आणि तिथली वस्ती याच काळात वाढली. तेवढी बाजूला काढली, तर वरच्या डोंगरातलं चित्र जिल्ह्याच्या आकड्यापेक्षा बरंच वाईट आहे.

जिल्हा आहे सुमारे ५,३०० चौरस किलोमीटरचा. दक्षिणेला कोटद्वारचा भाबर, म्हणजे सखल, उष्ण, जंगलाला लागून असलेला पट्टा. उत्तरेकडे दूधातोलीची रांग तीन हजार मीटरच्या वर जाते. तिथूनच पश्चिम रामगंगा आणि नयार नदीचे दोन्ही फाटे निघतात. पूर्व आणि पश्चिम नयार सतपुलीजवळ एकत्र येतात आणि व्यासघाटला गंगेला मिळतात. पाण्याचा तोटा नाही, पण नदी खोल घळीत आणि गावं मधल्या उतारावर. पाणी डोळ्यांना दिसतं, शेतापर्यंत चढत नाही. त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पावसावरचा मंडुआ (आपली नाचणी) आणि झंगोरा (वरईसारखं भरड धान्य) हीच मुख्य पिकं राहिली. बारा महिने घर चालेल इतकं धान्य या शेतांनी फारसं कधी दिलंच नाही.

या जिल्ह्याच्या सीमा युद्धातून आल्या. गढवालच्या राजांची राजधानी श्रीनगर (काश्मीरचं नव्हे, अलकनंदेकाठचं) इथे होती. १८०३मध्ये भूकंपाने राज्य खिळखिळं झालं, पाठोपाठ गोरखे आले आणि १८०४मध्ये राजा प्रद्युम्न शाह देहरादूनजवळ खुडबुड्याच्या लढाईत मारला गेला. बारा वर्षांच्या आत इंग्रजांनी गोरख्यांना हटवलं, मात्र राज्य पुरतं परत दिलं नाही. अलकनंदेच्या पूर्वेचा मुलूख स्वतःकडे ठेवून पश्चिमेचा तेवढा राजपुत्र सुदर्शन शाहला दिला. जुनी राजधानी इंग्रजांच्या बाजूला गेली म्हणून त्याला टिहरी वसवावी लागली. इंग्रजांकडचा भाग हा ‘ब्रिटिश गढवाल’. १८३९मध्ये तो कुमाऊँपासून वेगळा जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी मुख्यालय उष्ण खोऱ्यातल्या श्रीनगरहून सुमारे १,८०० मीटरवरच्या पौडीला गेलं. तोवर कमिशनर ट्रेल याने १८१९पासून पटवारी नेमले होते आणि १८२३मध्ये गावांच्या शिवा ठरवून टाकल्या होत्या. ते विक्रम संवत १८८०चं वर्ष, म्हणून त्याला ‘सन अस्सीचा बंदोबस्त’ म्हणतात. जंगलावरच्या हक्काच्या भांडणात गावकरी पुढे पिढ्यान्‌पिढ्या याच बंदोबस्ताचा दाखला देत आले.

श्रीनगरचं नशीब पुढेही फिरलेलंच राहिलं. सप्टेंबर १८९३मध्ये वर, अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेच्या खोऱ्यात गोहना इथे आख्खा कडा कोसळला आणि नदी अडून तलाव साचला. बांध फुटणार हे ओळखून सरकारने तलावापासून खालच्या गावांपर्यंत तारयंत्राची लाइन टाकली, काठच्या वस्त्यांना वर हलवलं. ऑगस्ट १८९४च्या अखेरीस, रात्री, पाणी सुटलं. श्रीनगर धुऊन गेलं, पण माणसं वाचली. बळी गेले ते तलावाजवळच्या एका फकिराच्या कुटुंबातले पाच जण, हलवल्यावरही परत गेलेले. आजचं श्रीनगर त्यानंतर वरच्या पठारावर नव्याने आखलेलं आहे. आपत्ती-व्यवस्थापनाच्या इतिहासात हा प्रसंग आहे त्यापेक्षा ठळक असायला हवा होता.

माणसं बाहेर जाण्याची वाट मात्र लष्कराने पाडली. १८८७मध्ये गढवाली पलटण उभी राहिली आणि कालूडांडा नावाच्या टेकडीवर तिची छावणी पडली. तेच पुढे व्हाइसरॉयच्या नावाने लॅन्सडाउन झालं. पहिल्या महायुद्धात या रेजिमेंटने दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. आणि याच रेजिमेंटच्या चंद्रसिंह गढवालींनी, जे पौडीच्याच डोंगरातले, २३ एप्रिल १९३०ला पेशावरमध्ये निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला. भरतीमुळे घरात पगार, नंतर पेन्शन येऊ लागलं. पाठोपाठ दिल्ली, मुंबईची नोकरी आली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही २०११च्या जनगणनेत घटलेलेच जिल्हे, तेव्हा मनीऑर्डरवर चालणारं घर काय असतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

याची खूण लोकसंख्येच्या तक्त्यात आहे. पौडीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१०३ बायका होत्या. मुलींचा सन्मान म्हणून हा आकडा कुणी मिरवू नये, कारण सहा वर्षांखालच्या मुलांत हेच प्रमाण नऊशेच्या आसपास आहे. पुरुष बाहेर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. साक्षरता ८२ टक्के, राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त. शिकलेला माणूस खाली उतरतो. आता फरक इतकाच की पूर्वी नोकरदार एकटा जायचा, हल्ली मुलांच्या शाळेसाठी बायकोमुलांना घेऊन जातो. मागे राहते ती पणजोबांच्या नावावरची सामाईक जमीन, तिकडचं ‘गोल खातं’. वाटणी नाही, चकबंदी (विखुरलेल्या तुकड्यांचं एकत्रीकरण) नाही, त्यात रानडुकरं आणि माकडं. मग राहिलेलाही पेरणी सोडतो.

सरकारी नकाशावर जिल्हा लहान होतच होता. १९६०मध्ये चमोली वेगळं झालं, १९९७मध्ये रुद्रप्रयागसाठी आणखी तुकडा गेला. १९९४च्या ऑगस्टमध्ये वेगळ्या राज्यासाठी इंद्रमणी बडोनी पौडीतच उपोषणाला बसले होते. राज्य नोव्हेंबर २०००मध्ये मिळालं, राजधानी मात्र देहरादूनला राहिली. गढवाल विभागाचं मुख्यालय १९६९पासून कागदोपत्री पौडीच आहे, पण आयुक्त बसतात देहरादूनच्या कॅम्प ऑफिसात, ही इथली जुनी तक्रार. २०१७मध्ये स्थलांतराच्या अभ्यासासाठी पलायन आयोग नेमला, तोही पौडीत. त्याच्या २०१८च्या अहवालानुसार २०११नंतर राज्यात ७३४ गावं-वाड्या निर्मनुष्य झाल्या आणि त्यांत पौडीचा वाटा सर्वांत मोठा होता. निम्म्या लोकांनी गाव सोडण्याचं कारण रोजगार सांगितलं.

माणसं गेली की मतंही जातात. २००१च्या आकड्यांवर झालेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत उत्तराखंडातल्या डोंगरी जागा ४०वरून ३४वर आल्या, मैदानी ३०वरून ३६वर गेल्या. पौडीच्या आठच्या सहा झाल्या. २००७च्या पोटनिवडणुकीत मुख्यमंत्री खंडुरी जिथून निवडून आले, तो धुमाकोट मतदारसंघच उरला नाही. २०२१ची जनगणना झाली नाही, आता ती २०२७मध्ये व्हायची आहे. त्यानंतर पुन्हा पुनर्रचना झालीच, तर निव्वळ डोकी न मोजता क्षेत्रफळही धरा, ही डोंगराची मागणी आत्तापासूनच सुरू झाली आहे.