ट्रॅपिस्ट बिअर आणि अ‍ॅबी बिअर: ब्रुजला जाण्यापूर्वी

बेल्जियममधल्या ब्रुज शहराच्या मार्क्ट चौकातून कालव्याच्या दिशेने चालू लागले की बिअरच्या बाटल्यांनी खच्चून भरलेली दुकाने लागतात. लेफ, वेस्टमाले, शिमे, ग्रिमबर्गन, रोशफोर, सेंट बर्नार्डस अशा बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. त्यांतल्या कित्येकींच्या लेबलावर झगा घातलेला मठवासी किंवा मठाची कमान छापलेली असते, आणि समोर उभी असलेली आपली मंडळी एकमेकांना सांगत असतात की या सगळ्या ‘ट्रॅपिस्ट’ आहेत, मठातले साधू त्या स्वतःच्या हातांनी बनवतात. हीच गल्लत मी प्रवासवर्णनांत वाचली आहे, सहलीच्या गाइडच्या तोंडून ऐकली आहे, आणि पुण्यातल्या एका ब्रूपबच्या फळ्यावर तर गडद, गोडसर, कडक बिअरच्या नावापुढे सरळ ‘ट्रॅपिस्ट’ असे खडूने लिहिलेले पाहिले आहे. ज्या शहरात या दोन शब्दांमधला फरक बिअरच्या प्रत्येक यादीत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, त्या शहरात जाऊन तो न कळता परत यावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

अ‍ॅबी बिअर बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. एखाद्या मठाचे नाव, त्याची परंपरा किंवा जुनी कृती घेऊन व्यावसायिक ब्रुअरीने बनवलेली बिअर ती अ‍ॅबी बिअर. लेफ हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण. दिनां गावाजवळचा लेफचा मठ ११५२ साली स्थापन झाला, तिथली बिअर फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात बंद पडली, १९५२ साली मठाने एका ब्रुअरीशी करार करून ती पुन्हा सुरू करवली, आणि आज ती लुवेन शहरातल्या एका बलाढ्य कंपनीच्या कारखान्यात तयार होते. मारेड्सू मठाच्या नावाची बिअर १९६३ पासून डूव्हेल ही बिअर बनवणारी कंपनी बनवते. अशा बिअरांसाठी बेल्जियन ब्रुअरीसंघाने १९९९ साली ‘मान्यताप्राप्त बेल्जियन अ‍ॅबी बिअर’ असे चिन्ह आणले. ते मिळवायचे तर खऱ्या, चालू किंवा पूर्वी असलेल्या, मठाशी संबंध दाखवावा लागतो आणि मानधन द्यावे लागते. ज्या बाटलीवर हे चिन्हही नाही, तिच्यावरचे संताचे चित्र हे निव्वळ चित्र समजावे.

खरी गाठ आहे ती ट्रॅपिस्ट या शब्दात, आणि ती सोडवायला वेळ द्यायला हवा.

ट्रॅपिस्ट ही चव नाही, रंग नाही, कडकपणा नाही आणि बनवण्याची पद्धतही नाही. तो एका ख्रिस्ती मठसंघाचा निर्देश आहे. सिस्टर्शियन संघातच १६६४ साली नॉर्मंडीतल्या ला त्राप या मठात कडक आचरणाची सुधारणा झाली, तिच्या अनुयायांना ट्रॅपिस्ट म्हणतात, आणि त्यांच्या मठात तयार झालेली बिअर ती ट्रॅपिस्ट बिअर. म्हणजे या शब्दाने उत्तर मिळते ते ‘कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली’ या प्रश्नाचे. ‘कशी लागते’ या प्रश्नाचे उत्तर त्यात मुळीच नसते. ब्रुजपासून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत गाठता येणाऱ्या घेंट या दुसऱ्या कालव्यांच्या शहरातील व्यापारी न्यायालयाने १९६२ सालीच असा निकाल दिला होता की ट्रॅपिस्ट हा शब्द बिअरचे मूळ सांगतो, तेव्हा मठाशी संबंध नसलेल्या ब्रुअरीला तो वापरता येणार नाही. साठ वर्षांपूर्वी कायद्याने निकालात निघालेली गोष्ट आपण अजून चवीच्या नावाने वापरतो आहोत.

याचा पडताळा घेण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तीन ट्रॅपिस्ट बिअर शेजारी शेजारी ओतून पाहणे. ओरव्हाल ही नारिंगी झाक असलेली, कोरडी, हॉप या वेलीच्या फुलांचा ठसठशीत कडवटपणा असलेली, ६.२ टक्के अल्कोहोलची बिअर आहे. बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसिस जातीचे रानटी यीस्ट जाते, त्यामुळे काही महिन्यांनी तिला चामड्याची आठवण करून देणारा वास येऊ लागतो. वेस्टमाले ट्रिपेल सोनेरी, फेसाळ आणि ९.५ टक्के. रोशफोर १० ही जवळजवळ काळसर, सुक्या अंजिराची आणि मनुकांची आठवण देणारी, ११.३ टक्क्यांची बिअर. या तिघींमध्ये जिभेला समान असे काहीही सापडत नाही. ‘मला ट्रॅपिस्ट आवडते’ असे म्हणणाऱ्याने यांतली कोणती, हे सांगितल्याशिवाय त्याच्या वाक्याला अर्थ येत नाही.

दुसरा पडताळा उलट दिशेने घेता येतो. ग्रिमबर्गनच्या मठाने २०२१ साली, दोनशेहून अधिक वर्षांच्या खंडानंतर, मठाच्या आवारात छोटी ब्रुअरी पुन्हा सुरू केली. मठ खरा, मठवासी खरे, बिअर तिथेच बनलेली; तरीही ती ट्रॅपिस्ट नाही, कारण ग्रिमबर्गनचे मठवासी नॉर्बर्टाइन संघाचे आहेत. ब्रुजच्या बेगाइनहोफमध्ये, म्हणजे १२४५ साली स्थापन झालेल्या त्या पांढऱ्या घरांच्या शांत आवारात, राहणाऱ्या जोगिणींकडे बोट दाखवून त्यांनाही ट्रॅपिस्ट म्हणणारा गाइड मला भेटला आहे. त्या बेनेडिक्टाइन आहेत. संघांची ही नावे एकमेकांच्या जागी वापरण्यासारखी नाहीत.

ट्रॅपिस्ट या नावाखेरीज बाटलीवर एक षट्कोनी चिन्हही असते आणि त्याच्या अटी आणखी कडक आहेत. १९९७ साली आठ ट्रॅपिस्ट मठांनी स्थापन केलेली आंतरराष्ट्रीय संघटना ते चिन्ह देते. बिअर मठाच्या भिंतींच्या आत किंवा अगदी लगत, मठवाशांनी स्वतः किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनलेली असावी; ब्रुअरीला मठाच्या जीवनात दुय्यम स्थान असावे; आणि मिळकत मठाचा निर्वाह व इमारतींची देखभाल यांसाठी वापरून उरलेली समाजकार्याला द्यावी. ‘देखरेखीखाली’ हा शब्द इथे नीट वाचला पाहिजे, कारण ‘साधू हाताने बनवतात’ ही दंतकथा तो न वाचल्यामुळे जन्मली आहे. शिमे आणि वेस्टमाले इथे ब्रुअरीत काम करणारे बहुतेक लोक पगारी कर्मचारी आहेत, आणि शिमेची बिअर मठात बनली तरी बाटलीत भरली जाते ती काही किलोमीटरवरच्या बायलू गावात. त्याने तिचा मान उणावत नाही. निर्णय मठाचे आहेत आणि नफा कोणाच्या खासगी खिशात जात नाही, हे त्या चिन्हाचे म्हणणे आहे. काहिलीत चाटू कोण फिरवतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

चिन्हाचा अर्थ कळण्यासाठी आखेलची कहाणी मला सर्वांत बोलकी वाटते. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवरच्या या मठातले शेवटचे मठवासी निघून गेले, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या बिअरवरून षट्कोनी चिन्ह गेले. ब्रुअरी तीच, आवार तेच. वेस्टमालेच्या मठाची देखरेख काही काळ राहिली, पण २०२३ साली मठाची वास्तू खासगी मालकाकडे गेल्यावर ट्रॅपिस्ट हे नावही सुटले. आदल्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पेल्यात फरक शोधणाऱ्याला काही सापडले नसते. बदलले होते ते पेल्याबाहेरचे. नेदरलँड्समधल्या ला ट्राप या ट्रॅपिस्ट बिअरलाही एका मोठ्या ब्रुअरीशी केलेल्या करारामुळे १९९९ साली चिन्ह सोडावे लागले होते, आणि अटी पूर्ण झाल्यावर २००५ साली ते परत मिळाले. बेल्जियममध्ये आज हे चिन्ह असलेल्या बिअर पाच मठांच्या: ओरव्हाल, शिमे, रोशफोर, वेस्टमाले आणि वेस्टव्लेटरेन.

वेस्टव्लेटरेनचे नाव आले की ब्रुजमधल्या दुसऱ्या, अधिक महागड्या गोंधळाकडे वळावे लागते. पोपरिंगच्या हॉपच्या मळ्यांजवळ, ब्रुजपासून मोटारीने सुमारे तासाभरावर, सेंट सिक्स्टस हा मठ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, त्याने बाजारात विकायच्या बिअरचा परवाना वाटू गावातल्या सेंट बर्नार्डस ब्रुअरीला दिला आणि स्वतःपुरती, दारात विकण्यापुरती बिअर मठात बनवणे चालू ठेवले. १९९२ साली परवाना संपला. त्यामुळे १०.२ टक्क्यांची वेस्टव्लेटरेन १२ ही ट्रॅपिस्ट आहे आणि १० टक्क्यांची सेंट बर्नार्डस अब्ट १२ ट्रॅपिस्ट नाही, पण दोघींचे कूळ एक आहे. मठाची बिअर आगाऊ नोंदणी करून, गाडीचा क्रमांक सांगून, दारातूनच न्यायची आणि पुढे विकायची नाही, अशी रीत मठाने वर्षानुवर्षे पाळली. तरी ब्रुजच्या पर्यटकी दुकानांत ती बाटली अनेकपट किमतीला मांडलेली दिसते. मी ती तिथे विकत घेत नाही आणि कोणी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मठासमोरच्या इन द व्रेडे या कॅफेत जाऊन प्यावी, नाहीतर ब्रुजमध्ये बसून अब्ट १२ मागवावी. माझ्या जिभेला ती कुठेही कमी वाटलेली नाही, आणि अ‍ॅबी गटातली बिअर ट्रॅपिस्टपेक्षा हलकीच असणार हा समज तिच्या एका घोटात निघून जातो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. नावातले ६, ८, १०, १२ हे आकडे अल्कोहोलचे टक्के नव्हेत. ते आंबवण्यापूर्वीच्या रसाची घनता मोजण्याच्या जुन्या बेल्जियन मापातून आले. डुबेल आणि ट्रिपेल हे प्रकार आहेत आणि ते कोणीही बनवू शकतो: ब्रुजच्या मध्यवस्तीतली हाल्वे मान ही ब्रुअरी ९ टक्क्यांची स्ट्राफे हेंड्रिक ट्रिपेल बनवते आणि ती ट्रॅपिस्टही नाही, अ‍ॅबीही नाही. तिच्या नावावर २०१६ पासून सुमारे तीन किलोमीटरची भूमिगत नळी आहे, जिच्यातून बिअर शहराबाहेरच्या बाटल्या भरण्याच्या केंद्राकडे वाहते आणि जुन्या फरसबंद गल्ल्या टँकरांपासून वाचतात. शहराविषयी इतका जिव्हाळा दाखवणाऱ्या ब्रुअरीला मठाच्या चित्राची गरज पडत नाही. पेल्यांचे आकार आठवणीत ठेवण्याचीही गरज नाही. कॅफे योग्य पेला आपण होऊन देतात. मात्र बर्फासारखी थंड बिअर मागू नये, कारण गडद बिअरचा निम्मा वास थंडीत दबून जातो.

केमेलस्ट्रात या गल्लीत १९८३ पासून चालू असलेल्या ब्रुग्स बेअर्त्ये या छोट्या कॅफेत बसले तर हे सारे यादीवर वाचता येते. मी तिथे आधी वेस्टमाले ट्रिपेल आणि स्ट्राफे हेंड्रिक शेजारी ठेवून घेतो: प्रकार एक, मूळ वेगळे. मग ओरव्हाल मागवतो: वेस्टमालेशी मूळ एक, प्रकार सर्वस्वी वेगळा. ओरव्हालच्या लेबलावर बाटली भरल्याची तारीख असते. ती विचारून घ्यावी, आणि सहा महिन्यांपेक्षा जुनी बाटली मिळत असेल तर तीच उघडायला सांगावी.