संगणकसाहाय्यित अध्ययन (नाशिक जिल्हा)

घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, शिकवणी परवडत नाही आणि वर्ग केव्हाच पुढे निघून गेला आहे, अशा विद्यार्थ्याला संगणकावर किंवा टॅबवर त्याच्या पायरीपासून शिकवण्याची पद्धत. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमाशी तिची गल्लत होते; तिथे संगणक शिकवतात, इथे संगणकावर गणित-भाषा शिकवतात.

नाशिकमध्ये वंचितांपर्यंत शिक्षण नेण्याचा विचार जुना आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये येथेच स्थापन झाले. पण ते मुख्यतः प्रौढांसाठी. शाळकरी मुलांचा प्रश्न सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी पट्ट्यात अधिक बिकट. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तक प्रमाण मराठीत. आईबाप मजुरीला बाहेर पडले की अनेकदा मूलही सोबत जाते. पाचवीत बसलेले मूल मग हातच्याच्या वजाबाकीतच अडकलेले असते. उत्तर चुकले की चांगली प्रणाली त्याला एक पायरी मागे नेते आणि तिथून सोडवून घेते. एकट्या गुरुजींना भरल्या वर्गात हे प्रत्येकासाठी जमत नाही.

फायदा कितपत होतो? अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्यात केलेल्या प्रयोगात (प्रसिद्धी २००७) चौथीची मुले आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, गणिताचे खेळ खेळली. गणित चांगलेच सुधारले, भाषा नाही. आणि प्रयोग थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरलाही. गुजरातमधल्याच दुसऱ्या एका प्रयोगात वर्गाच्या तासाऐवजी संगणक दिला तेव्हा मुले मागे पडली, तासाव्यतिरिक्त दिला तेव्हा पुढे गेली. शिक्षकाची रिकामी जागा टॅबने भरू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आश्रमशाळेतली मुले संध्याकाळीही तिथेच असतात, त्यामुळे जादा तासाला वाव तिथे सर्वाधिक.

२०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमाच्या काळात लोकवर्गणीतून अनेक शाळा ‘डिजिटल’ झाल्या. यंत्र घेणे मात्र सोपे, चालू ठेवणे कठीण: सादिल निधी (शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारे अनुदान) तुटपुंजा, वीजबिल थकते, बॅटरी उतरते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडायला रेंज लागते. म्हणून डोंगरातल्या पाड्यांवर इंटरनेटशिवाय चालणारे, टॅबमध्ये आधीच भरून दिलेले पाठच उपयोगी पडतात.