तळोज्यात जळलेला मुद्देमाल आणि कलिन्याला गेलेली रक्ताची बाटली

तळोज्याच्या भट्टीत कोट्यवधींचे अमली पदार्थ जाळल्याची बातमी आली, की वाशीच्या लोकलमध्ये कोणीतरी म्हणतंच, "पुरावाच जाळला, आता आरोपी सुटणार." असं होत नाही. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली गुन्हा आहे. पण तळोज्याला जे जळतं ते कायद्याच्याच आदेशाने.

एनडीपीएस कायद्याच्या (म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) कलम 52अ मागची भीती साधी आहे: गोदामात पडून राहिलेला माल चोरीला जातो, बदलला जातो. म्हणून अधिकारी मालाची यादी करून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो. त्यांच्यासमोर फोटो निघतात, नमुने काढले जातात आणि दंडाधिकारी ते प्रमाणित करतात. 2022 च्या नियमांप्रमाणे अफू, गांजा, चरस यांचा नमुना 24 ग्रॅमचा, इतर अमली पदार्थांचा 5 ग्रॅमचा, आणि प्रत्येक नमुना दोन प्रतींत. ढीग जळाला तरी ही यादी, फोटो आणि नमुने कोर्टात प्राथमिक पुरावा म्हणून उभे राहतात.

घोडबंदर रोडच्या नाकाबंदीत पकडलेल्या चालकाच्या रक्ताचं तसं नाही. लोक दोन्हींना 'सॅम्पल'च म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो. गांजाचा नमुना ढिगातला चिमूटभर असतो. रक्ताच्या बाबतीत ती बाटली हाच सगळा माल. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. शरीरातली दारू तासागणिक उतरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी घेतलेलं रक्त आदल्या रात्रीबद्दल फारसं सांगत नाही.

बाटलीतही रक्त स्वस्थ बसत नाही. बूच सैल राहिलं तर अल्कोहोल उडतं, जंतू वाढले तर नवं तयार होऊ शकतं. म्हणून त्यात सोडियम फ्लोराइड घालतात आणि बाटली थंड ठेवतात. दारूबंदी कायद्याखालचे 1959 चे नियम तर सांगतात, की रक्त काढताना अल्कोहोलचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही (म्हणजे स्पिरिटचा बोळा नको) आणि नमुना सात दिवसांत तपासणाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

अपघातात आपलं माणूस गमावलेल्यांनी वकिलाला हे जरूर विचारावं: रक्त किती वाजता काढलं, सील कोणासमोर लागलं, आणि बाटली कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचली?