पोलादी वस्तरा आणि ब्लेडचा वस्तरा: दिसायला सारखे, हात मात्र वेगळा

मिटवून शेजारी ठेवले तर नवख्याला या दोघांतला फरक कळत नाही. उघडून पाठ बघितली की कळतो. पोलादी वस्तऱ्याची पाठ जाड असते. तिथून धारेकडे पातं दोन्ही अंगांनी कोरल्यासारखं पातळ होत जातं आणि पाठीपासून धारेपर्यंत सगळा एकच तुकडा असतो. ब्लेडच्या वस्तऱ्याला स्वतःची धारच नसते. त्याच्या खाचेत अर्धं ब्लेड सरकवायचं असतं. विदर्भात गावोगावी कटिंगच्या दुकानात दिसतो तो हा दुसरा. जुन्या धोकटीत किंवा आजोबांच्या पेटीत सापडतो तो पहिला.

रोज दाढी करणाऱ्याची मान लाल होते, गाल चुरचुरतो, तेव्हा बऱ्याचदा एका वस्तऱ्याचा हात दुसऱ्याला लावलेला असतो. दुकानात ब्लेडच्या वस्तऱ्याचे झटपट, छोटे फटके पाहून घरी पोलादी वस्तरा तसाच चालवला तर तो केस ओढतो. उलट, पोलादी वस्तऱ्याची सवय झालेल्याने ब्लेडवर तेवढाच भार दिला तर कातडीचा वरचा पापुद्रा निघून येतो.

पोलादी वस्तऱ्याची धार रोज तयार करावी लागते. दाढीच्या आधी, पातं पूर्ण कोरडं असताना, जाड कापडी पट्ट्यावर २० ते ३० फेऱ्या आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर ४० ते ५०. जाताना आणि येताना पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पाठीवरून पालटायचं. धारेवरून पालटलं तर पट्टा चिरतो आणि धारही बिघडते. पाठ पट्ट्यावरून कधी उचलायची नाही, कारण धारेचा कोन तीच राखते. सर्वांत जास्त बिघाड होतो तो सैल पट्ट्यामुळे. पट्ट्याला झोळ पडला की तो धारेच्या टोकाला गुंडाळल्यासारखा लागतो आणि धार गोल होते. मग माणूस नकळत हात दाबतो आणि तिथून जळजळ सुरू होते. पट्टा खिळ्याला अडकवून ताणून धरा, वस्तरा त्यावर नुसत्या त्याच्या वजनाने फिरू द्या. पट्टा देऊनही केस ओढल्यासारखे वाटू लागले, की बारीक दगडावर धार काढायची वेळ आली. रोज वापरात ही वेळ काही महिन्यांनी येते. तो दगड विळ्याचा नव्हे. शेतातल्या अवजारांच्या खरबरीत दगडावर वस्तरा एकदा जरी घासला तरी धारेला दाते पडतात.

इथे एक सावधगिरी. बाजारात स्वस्तात मिळणारे काही चकचकीत ‘पोलादी’ वस्तरे फक्त आकाराने वस्तरे असतात. त्यांच्या पोलादाला नीट पाणी दिलेलं नसतं, त्यामुळे कितीही पट्टा दिला तरी धार टिकत नाही. त्यापेक्षा न गंजलेला, धारेला खाच नसलेला जुना वस्तरा जाणकाराकडून धार काढून घेतलेला केव्हाही बरा.

ब्लेडच्या वस्तऱ्याला हा खटाटोप नाही. दुधारी ब्लेड कागदात असतानाच मधोमध मोडायचं, अर्धं खाचेत सरळ बसवायचं, तीन-चार दाढ्यांनी फेकायचं. ते तिरकं बसलं तर एक कोपरा जास्त बाहेर राहतो आणि कानाच्या पाळीखाली किंवा हनुवटीच्या वळणावर तोच लागतो. हे ब्लेड पट्टा दिलेल्या पोलादापेक्षाही तीक्ष्ण आणि कडक लागतं, चुकीला माफी देत नाही. वस्तरा हलका असल्यामुळे हाताला वाटतं, थोडा जोर हवा. तो जोर द्यायचा नाही.

कोनातही फरक आहे. पोलादी वस्तऱ्याची पाठ गालाला टेकवा आणि पाठीच्या जाडीच्या दीड-दोन पट उचला, की साधारण ३० अंशांचा कोन मिळतो. मग लांब, सलग ओढ घेता येते. ब्लेडच्या वस्तऱ्यात ही खूण कामाची नाही, कारण ब्लेड जेमतेम एक-दोन मिलिमीटर बाहेर असतं. तिथे वस्तरा चपटा धरून सुरुवात करा, केस कापल्याचा आवाज येईपर्यंतच उचला, आणि दोन-तीन सेंटिमीटरची ओढ घ्या. कोन फार उभा झाला की दोन्ही वस्तरे कापायचं सोडून खरवडतात.

चूक कुठे झाली ते दाढीनंतरचा चेहरा सांगतो. पूर्ण गालावर सारखी लाली आणि ओढल्याची भावना असेल तर धार बोथट आहे, पट्ट्याकडे बघा. मानेवर सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके असतील तर भार जास्त झाला, हा ब्लेडचा नेहमीचा दोष. दोन-तीन दिवसांनी पुटकुळ्या येऊन आत केस वळलेला दिसला, तर केसाच्या उलट दिशेने फार खोल कापलंय. पू झाला तर वस्तरा थांबवून डॉक्टरांना दाखवा.

रोजच्या दाढीला केसाच्या दिशेने एक हात पुरे. गालावर हवं तर आडवा दुसरा, तोही नव्याने फेस लावून. उलटा हात रोज नको. मानेवरचे केस अनेकांचे तिरके किंवा वरच्या दिशेने असतात. कोरड्या दाढीवर बोटं फिरवून दिशा आधी ओळखा. कातडी ताणताना बोटं घसरत असतील तर ओल्या तुरटीला लावून घ्या.

फेसाची अडचण दोन्हीकडे सारखीच, आणि आपल्याकडे ती मोठी आहे. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, तसंच कित्येक बोअरवेलच्या पाण्यात साबणाचा फेस धरत नाही, चिकट साय उरते. त्यावर वस्तरा घसरत नाही, अडखळतो. पाणी उकळून निवळलं तर जडपणा काही अंशी कमी होतो, पण खारेपणा जात नाही. दाढीला पेलाभर पाणी लागतं, तेवढं फिल्टरच्या जारमधून घ्या. कोमट पाण्याने तोंड धुऊन फेस दोन-तीन मिनिटं मुरू द्या. ओला केस मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो.

नंतर थंड पाणी आणि ओल्या तुरटीचा हलका हात. मिनिटभराने ती धुऊन टाका, कारण मे महिन्यातल्या कोरड्या हवेत राहिलेली तुरटी कातडी आणखी ओढते. वर खोबरेल तेलाचा एखादा थेंब. उन्हात राबायचं असेल तर दाढी रात्री करा, म्हणजे ताज्या कातडीवर घाम चुरचुरणार नाही. फवारणीच्या दिवशी सकाळी तर मुळीच करू नका. खरवडलेल्या कातडीतून औषध लवकर आत शिरतं, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आहेत.

सांभाळ मात्र पोलादी वस्तऱ्याला जास्त. धुऊन, पुसून, पातं रात्रभर उघडं वाळवून, पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. दुसऱ्या दिवशी पट्ट्याआधी ते पुसून काढा. हा वस्तरा एकाच माणसाचा असावा, भावाभावांतही नको. हेपॅटायटिस बी या यकृताच्या रोगाचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जगू शकतो आणि डेटॉलच्या बोळ्याने पुसून वस्तरा निर्जंतुक होत नाही. दुकानात ब्लेडचा वस्तरा बरा तो याचसाठी, पण नवं ब्लेड तुमच्यासमोर मोडलं जात असेल तरच. घरी वापरलेली अर्धी ब्लेडं झाकणाच्या डब्यात साठवा. उकिरड्यावर टाकली तर शेणखतासोबत शेतात जातात आणि अनवाणी पायात किंवा बैलाच्या खुरात घुसतात.