होलूब्कीचं पान: ताजं की पिंपातलं? एका वादाची पार्श्वभूमी

होलूब्की म्हणजे कोबीच्या पानात सारण भरून शिजवलेल्या स्लोव्हाक गुंडाळ्या. त्या करायला घेतल्या की पहिला प्रश्न खिम्याचा नसतो, पानाचा असतो. ताज्या कोबीचं उकडलेलं पान घ्यायचं, की पिंपात आंबवलेल्या अख्ख्या गड्ड्याचं? आज मिळणाऱ्या बहुतेक पाककृती ताजं पान घेतात, वर टोमॅटोचा गोडसर रस्सा ओततात आणि शीर्षकात ‘पारंपरिक’ असं लिहितात. पूर्व स्लोव्हाकियातल्या झेम्प्लीन किंवा शारिशमधल्या जुन्या वळणाच्या घरात तेच ताट ठेवलं, तर चांगलं झालंय म्हणतील, पण होलूब्की म्हणताना थोडं अडखळतील. तिथे खाली आंबवलेली चिरलेली कोबी, तिच्यात धुरी दिलेलं डुकराचं मांस, वर आंबट पानातल्या गुंडाळ्या आणि शेवटी आंबट साय असा थाट असतो.

पानात सारण गुंडाळण्याची कल्पना उस्मानी तुर्कांकडून मध्य युरोपात आली, असं सर्वसाधारणपणे मानतात. बाल्कन भागात याच पदार्थाला ‘सार्मा’ म्हणतात आणि तो शब्द ‘गुंडाळणे’ या अर्थाच्या तुर्की धातूपासून आला आहे, एवढं नक्की. आजच्या दक्षिण स्लोव्हाकियातला नोव्हे झाम्कीचा किल्ला 1663 ते 1685 तुर्कांच्या ताब्यात होता, म्हणजे शेजार लांबचा नव्हता. पण द्राक्षाच्या पानाऐवजी कोबीचं पान का, याचं उत्तर कोणत्याही दरबारात शोधायला नको. डोंगराळ उत्तरेत हिवाळाभर टिकणारं मोठं पान एकच होतं, आणि ते पिंपात होतं.

नावाचं म्हणाल तर ‘होलूब्की’ म्हणजे लहान कबुतरं. पोलिश, युक्रेनियन, रुसिन आणि लिथुआनियन भाषांतही नाव कबुतरावरूनच पडलं आहे. पंख मिटून बसलेल्या पक्ष्यासारखा आकार, हे सगळ्यात साधं स्पष्टीकरण. 1843 मध्ये ठरलेली प्रमाण स्लोव्हाक भाषा मध्य भागातल्या बोलीवर बेतलेली आहे, म्हणून कोशात ‘होलूब्की’ दीर्घ आहे. पूर्वेकडच्या बोलींत दीर्घ स्वरच नाहीत, तिथे ते ऱ्हस्व ‘होलुब्की’ होतं. 1880 नंतर, पहिल्या महायुद्धापर्यंत, शारिश, झेम्प्लीन आणि स्पिशमधून हजारो माणसं पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत गेली आणि हा ऱ्हस्व शब्द सोबत घेऊन गेली. तिथे त्याचं ‘हलुप्की’ झालं. मूळ शब्द आधीच अनेकवचनी, त्याला पुन्हा इंग्रजी ‘ज’ लावून ‘हलुप्कीज’ही झालं. ते चालायचंच.

खरा गुंता ‘कापुस्ता’ या शब्दात आहे. पाककृती बिघडते ती बहुतेक इथेच.

स्लोव्हाक भाषेत ‘कापुस्ता’ म्हणजे आपला साधा पांढरा गड्डा कोबी, आणि आंबवलेली कोबीही ‘कापुस्ता’च, फार तर पुढे ‘आंबट’ हे विशेषण लागतं आणि बोलताना तेही गळून पडतं. सुरकुतलेल्या हिरव्या पानाच्या सॅव्हॉय कोबीला स्लोव्हाकमध्ये ‘केल’ म्हणतात. सीमेपलीकडे चेक भाषेत मात्र पांढरा कोबी म्हणजे ‘झेली’, आणि ‘कापुस्ता’ म्हणजे सॅव्हॉय! दोन्ही भाषा एकमेकांना सहज समजतात, म्हणूनच घोटाळा लक्षात येत नाही. शब्द परका वाटला असता तर माणसाने कोश उघडला असता. त्यात भर म्हणजे ब्रातिस्लाव्हाच्या उत्तरेला झाहोरिए भागात स्लोव्हाक लोकही पांढऱ्या कोबीला ‘झेले’ म्हणतात. तिथल्या स्तुपावा गावचा शरद ऋतूतला कोबीचा उत्सव याच शब्दाने ओळखला जातो. मराठीत ‘कोबी’ हा पोर्तुगीज ‘कोव’वरून आला, पण पानकोबी, फुलकोबी, नवलकोल अशी वाटणी करून आपण मोकळे झालो. स्लोव्हाकांना ती सोय मिळाली नाही.

चेकोस्लोव्हाकिया हे एक राष्ट्र होतं त्या काळात पाककृती दोन्ही भाषांत ये-जा करत होत्या. चेक पाककृतीतली ‘कापुस्ता’ स्लोव्हाक स्वयंपाकघरात पांढरा कोबी झाली, आणि स्लोव्हाक ‘कापुस्ता’ चेक स्वयंपाकघरात सॅव्हॉय. हा फरक शब्दापुरता राहत नाही. सॅव्हॉयचं पान पातळ आणि लवचीक असतं, उकळत्या पाण्यात दोन मिनिटांत वळतं, गुंडाळायला सोपं जातं. मंद आचेवर 45 ते 50 मिनिटांत सगळं शिजून तयार. पांढऱ्या कोबीच्या ताज्या पानाला सव्वा तास हवा. पिंपातल्या आंबट पानाला दोन तास लागतात, कारण आंबट पाण्यात पानाचा चिवटपणा लवकर सुटत नाही. म्हणजे सॅव्हॉयसाठी लिहिलेली वेळ आंबट पानाला लावली, तर चामडं चावल्यासारखं लागतं. उलट केलं, तर पान विरघळून खिम्याचे गोळे रश्श्यात तरंगतात. सॅव्हॉय पिंपात आंबवण्याच्या भानगडीत तर कोणी पडू नये. पातळ पान मऊ पडून चिकट होतं.

‘कापुस्ता’ या शब्दाच्या मुळाशी ‘एकत्र करून मुरवलेलं’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, असं एक मत आहे. ते धरलं, तर हा शब्द आधी पिंपातल्या कोबीचा आणि मग शेतातल्या कोबीचा झाला. आंबट पानाची बाजू घेणारे हा मुद्दा हमखास पुढे करतात. व्युत्पत्तीवरून स्वयंपाक ठरत नसतो, पण या बाबतीत पिंपाची बाजू खरंच भक्कम आहे. ताजा कोबी फार तर शरद ऋतूपर्यंत. होलूब्की हा सण-लग्नाचा आणि हिवाळ्यातल्या डुक्कर कापण्याच्या दिवसाचा पदार्थ. त्या दिवसात घरात पान असायचं ते आंबटच.

पिंप नसेल तरी गड्डा आंबवता येतो. दीड किलोचा, फार घट्ट नसलेला गड्डा घ्यावा. बुडखा टोकदार सुरीने कोनासारखा कोरून काढावा आणि त्या खळग्यात चमचाभर जाडं मीठ दाबावं. दहा लिटरच्या अन्नासाठी चालणाऱ्या बादलीत असे दोन-तीन गड्डे, खळगा वर करून ठेवावेत. मधल्या फटींत किलोला 20 ग्रॅम मीठ चोळलेली चिरलेली कोबी भरावी. हीच पुढे पातेल्याच्या तळाला लागते. कॅरवे (जिऱ्यासारखं दिसणारं बी), तमालपत्र, मिरी घालून उकळून गार केलेलं खारं पाणी ओतावं, लिटरला 40 ग्रॅम मीठ या हिशेबाने. चिरलेल्या कोबीपेक्षा पाणी खारट ठेवायचं, कारण अख्ख्या गड्ड्यातलं पाणी सुटून ते हळूहळू सौम्य होतं. वर ताटली आणि वजन. पान पाण्याबाहेर राहिलं की तिथूनच बुरशी धरते. 18 ते 20 अंशांवर तीन-चार आठवडे लागतात. पृष्ठभागावरचा पातळ पांढरा पापुद्रा काढून टाकला की झालं. केसाळ, रंगीत बुरशी आली तर सगळं फेकावं. 25 अंशांच्या वर आंबट लवकर होतं, पण पान बुळबुळीत पडतं. मुंबई-पुण्यात कोणाला करायचंच असेल, तर डिसेंबर-जानेवारीत, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, कोकणात नाहीच.

सारणात भात ही नंतरची गोष्ट. डोंगराळ गावांत भात पिकत नाही, तो दुकानातून आणायचा, म्हणून आधी सारणात कोंडा काढलेलं जव, बकव्हीट (कुट्टू), बाजरीच्या जातीचं बारीक धान्य किंवा किसलेला बटाटा असायचा. मांस नेहमीचं नव्हतंच. ग्रीक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स घरांत नाताळच्या आदल्या रात्रीच्या उपासाला आजही बिनमांसाच्या होलूब्की होतात: जव किंवा तांदूळ, भिजवून चिरलेल्या सुक्या मशरूम, तेलात परतलेला कांदा. कडक उपासात लोणी आणि सायही वर्ज्य. मशरूम भिजवलेलं पाणी गाळून पातेल्यात ओततात. ते फेकलं तर पदार्थाला चवच उरत नाही.

आज ज्याला सगळे ‘आईच्या हातच्या’ म्हणतात त्या होलूब्की मात्र कम्युनिस्ट राजवटीत, 1948 ते 1989 या काळात घडल्या, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. शाळा, कारखाने, दवाखाने यांच्या भोजनगृहांना ग्रॅमवारीने ठरवून दिलेल्या पाककृती असत. हजार माणसांच्या स्वयंपाकाला पिंपातले अख्खे गड्डे कुठून आणणार? ताजा कोबी वर्षभर मिळायचा, पान उकळत्या पाण्यात सुटायचं, आणि भरलेल्या ढोबळी मिरचीसाठी टोमॅटोचा गोड रस्सा आधीच पातेल्यात असायचा. साखर, तमालपत्र, ऑलस्पाइस, जराशी दालचिनी घातलेला तो रस्सा होलूब्कीवरही पडू लागला. एका पिढीने दुपारचं जेवण तिथेच जेवलं आणि तीच चव घरी मागितली.

दुसरं कारण घरांचं. गावातून माणसं काँक्रीटच्या तयार भिंतींच्या इमारतींत, ‘पानेलाक’मध्ये राहायला आली. तळघरात लहानशी कोठडी मिळायची, पण अनेक ठिकाणी शेजारून गरम पाण्याचे पाइप गेलेले. कोबीच्या पिंपाला तिथे थंडावा कसला? चिरलेली कोबी बरणीत आंबवता येते, अख्खा गड्डा बरणीच्या तोंडातून जात नाही. म्हणून खाली आंबट चिरलेली कोबी आणि वर ताज्या पानाच्या गुंडाळ्या अशी तडजोड शहरात रुळली. ही तडजोड वाईट नाही. उलट, घरी पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, टोमॅटोपासून नव्हे.

तिकडे अमेरिकेत टोमॅटो वेगळ्या वाटेने आला. 1897 पासून घट्ट केलेलं डबाबंद सूप विकलं जाऊ लागलं होतं. खाणकामगारांच्या वस्तीत पुढे डबाभर टोमॅटो सूप ओतून रस्सा करण्याची पद्धत पडली आणि चर्चच्या सभागृहांतल्या निधीसाठीच्या जेवणांत ती पक्की झाली. तिथून परतलेल्या पाककृती आता स्लोव्हाक नावाने फिरतात. दोन वेगळ्या मजबुऱ्यांतून एकच लाल रस्सा तयार झाला, आणि पिंप दोन्हीकडे मागे पडलं.

तर करायची कशी. ताज्या पानासाठी बुडखा कोरलेला गड्डा, खळगा खाली करून, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात ठेवावा आणि दोन-दोन मिनिटांनी बाहेरचं पान चिमट्याने सोडवत जावं. आपल्याकडचा कोबी गच्च असतो, पानं तुटतात. अशा वेळी गड्डा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून पूर्ण वितळू द्यावा, पानं न उकडताच लुळी पडतात. अळूवडीला करतो तसंच मागची जाड शीर सुरीने पानाच्या पातळीला तासायची. कापून काढायची नाही, नाही तर पान मधून फाटतं.

बारा-चौदा पानांना 500 ग्रॅम डुकराचा खिमा, पाव भाग तरी चरबी असलेला. तो कोरडा असेल तर गुंडाळी आतून भुरभुरीत होते. तांदूळ 100 ग्रॅम, सहा मिनिटं उकळून निथळलेला. कच्चा घातला तर तो फुगून पान फोडतो, शिवाय आंबट रश्श्यात दाणा टणक राहतो. पूर्ण शिजवला तर लगदा. परतलेला कांदा, तीन लसूण पाकळ्या, चमचाभर गोड पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), मिरी, हातावर चोळलेला सुका माजोराम (मरवा). मीठ ताज्या पानाला 10 ग्रॅम, आंबट पानाला 6. पानावर दोन मोठे चमचे सारण ठेवून बुडाची कड दुमडायची, एक बाजू आत घ्यायची, सैलसर गुंडाळायचं आणि उरलेलं मोकळं टोक अंगठ्याने आत खोचायचं. दोरा, टूथपिक काही लागत नाही. घट्ट आवळलं तर भाताला फुगायला जागा राहत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात 500 ग्रॅम आंबट कोबीतली निम्मी, तिच्यावर 300 ग्रॅम धुरी दिलेल्या बरगड्या, मग गुंडाळ्या शिवण खाली करून अगदी चिकटून लावायच्या. वर उरलेली कोबी, फाटकी पानं, उपडी ताटली. पाणी जेमतेम बुडेल इतकंच. उकळी आली की आच मंद. ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं. टोमॅटो घालायचाच असेल, तर पान मऊ झाल्यावर, निम्म्या वेळानंतर. शेवटी चरबीत दोन चमचे मैदा परतून, आचेवरून उतरवून पाप्रिका घालावी (आचेवर घातली तर ती करपून कडू होते), गार पाण्यात कालवून पातेल्यात सोडावं आणि दहा मिनिटं शिजू द्यावं. आंबट साय चमचाभर मैद्यात घोटून, तिच्यात आधी गरम रस्सा थोडा थोडा मिसळून मगच ओतायची. थेट उकळत्यात घातली की फाटते. दुसऱ्या दिवशी गरम केलेल्या होलूब्की पहिल्या दिवसापेक्षा चांगल्या लागतात, याबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत आहे.

1993 मध्ये स्लोव्हाकिया वेगळा देश झाल्यानंतर सुपरमार्केट आली आणि आंबट पान उलट्या वाटेने परतलं: बाल्कन देशांतून, हवा काढलेल्या पिशवीत, सार्मासाठी म्हणून. ज्यांच्या घरातलं पिंप दोन पिढ्यांपूर्वी गेलं तेही आता आंबट पानाच्या होलूब्की करू शकतात. फक्त हे पान घरच्यापेक्षा बरंच खारट असतं. गार पाण्यात अर्धा तास भिजवून, एक तुकडा चावून पाहावा. अजून खारट लागला तर पाणी बदलून पुन्हा तेवढाच वेळ ठेवावा आणि सारणात मीठ चिमूटभरच घालावं.